भरीची कुस्ती

"आज तू हरणार हायेस व्हय गं?"

फॅट किती लागली असं विचारावं तशा आवाजात मुमताजनं हे विचारलं आणि दुधाची किटली माझ्यापुढं सरकवली. यात्रेचा दिवस, म्हणून सगळ्यांनी लवकर दूध घालून घेतलं होतं. डेअरीत आम्ही दोघीच उरलो होतो.

मी नमुना मशीनला लावला. "कोण म्हणतं?"

"आमच्या घरात तर समदेच म्हणत्यात. आतिफनं पैकं लावल्यात की." आतिफ म्हणजे तिचा दीर. बोलता बोलता तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. जिच्याबद्दल गोष्ट आहे तिला सोडून बाकी सगळ्यांना ती ठाऊक असते, हा आमच्या गावचा जुना शिरस्ता. माझं लग्न मोडतंय हेसुद्धा चावडीला माझ्या आधी कळलं होतं. सासरी कुस्ती चालणार नव्हती आणि मला सासर चालणार नव्हतं, एवढी साधी गोष्ट. पण गाव अजून चघळतंय.

"दत्ताच्या दुकानात साखळी लावत्यात," मुमताज म्हणाली. "तीन गोष्टी जोडायच्या. कालची क्रिकेटची मॅच, आज कवठ्याला बैलगाड्याची शर्यत हाय ती, आन् तुझी कुस्ती. तिन्ही खऱ्या निघाल्या तर पैका. एक जरी हुकली तर समदं पाण्यात. कालची मॅच लागली बग त्यांची. आमचा आतिफ नुस्ता नाचत व्हता."

"आन् माझ्या कुस्तीत काय व्हायचंय?"

"तू पडायचीस." तिनं माझा हात धरला. "वाईट वाटून घिऊ नको. ते म्हणत्यात, शितल भरीची हाय. वांगी कमी पडली की कालवणात बटाटा टाकत्यात, तशी."

मी पावती फाडून तिच्या हातात दिली. दुसरं काय करणार होते?

मी शितल, मारुतराव वस्तादांची मुलगी. मांडवगण फराट्याच्या पुढं नदीच्या अंगाला आमचं लहानसं गाव. दोन वेळा डेअरीत दुधाची फॅट काढायची, मधल्या वेळात म्हशी, शेणघाण, भाकऱ्या. एवढाच माझा पसारा. कुस्ती आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, तालमीत शिकले, पोरांच्यात, कारण पोरींची तालीम नव्हतीच. पुढं उजवा खांदा निखळला आणि माती सुटली. या वर्षी यात्रा कमिटीनं माझी जोड लावली ती नदीपलीकडच्या राहू गावच्या तेजश्रीशी. ती पुण्याच्या मोठ्या तालमीत राहते, राज्यापर्यंत खेळून आली आहे, माझ्याहून लहान आणि हाडापेरानं उजवी. कमिटीनं मला का घेतलं हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. गावची पोरगी असली की बायका बघायला येतात आणि फड भरलेला दिसतो. असू दे म्हटलं. मातीत उतरायला मिळतंय ना.

आबांनी मला पुन्हा उभी केली. रोज पहाटे तालमीत खांद्याला शेक, मग तेल, मग जोर. कारखान्यावरच्या वॉचमनकीतून रिटायर झालेला म्हातारा माणूस, पण माझ्यासाठी स्वतः लंगोट लावून समोर उभा राहायचा. मला वाटायचं, आणखी कुणाला नसेल, पण या एका माणसाला माझी खात्री आहे.

डेअरीला कुलूप लावलं आणि तडक दत्ताचं दुकान गाठलं. रिचार्ज, सातबारा, पोरांचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट असं सगळं तिथं मिळतं. साखळी मिळते हे मला नवीन होतं.

"दत्ता, मला साखळी समजावून सांग."

त्याचा चेहरा पडला. पण मी भांडायला नाही, विचारायला आलेय असं दिसल्यावर तो खुलला. धंदेवाल्याला धंद्याबद्दल विचारलं की त्याला राहवत नाही.

"हे बग ताई. कालची मॅच रुपयाला दोन. लागली तर ते दोन खिशात घालायचं न्हाईत, तसंच उचलून बैलांवर ठिवायचं. आपल्या गावचा गाडा आज पैला आला तर रुपयाला तीन. म्हंजी दोनाचं झालं सहा. ते सहा पुन्हा उचलायचं आन् तिसरीवर ठिवायचं. मधी कुठं उतरता येत न्हाई. शेवटापतूर पोचला तो जितला. मधी कुठली बी कडी तुटली तर समदा पैका माझा."

"आन् तिसरी कडी मी."

"तिसरी तू."

"माझ्या हरण्याला काय भाव?"

त्यानं मान खाजवली. "रुपयाला एक रुपया धा पैसं."

"म्हंजी वर धा पैसं."

"व्हय. पर सहावर बग की. सहाचं सहा साठ व्हत्यात."

"साठ पैशापायी सहा रुपयं माझ्या पाठीवर ठिवलं व्हय गावानं? मग दोनच का न्हाई जोडल्या?"

"दोनाची साखळी मी घेतच न्हाई. कमीत कमी तीन पायजेत." दत्ता आता रंगात आला होता. "त्यातच आपली भाकरी हाय ताई. मान्संला वाटतं, ही तर लागलेलीच हाय, फुकाट वाढतंय तर वाढू द्या. जेवढ्या कड्या जास्त, तेवढ्या तुटायच्या जागा जास्त, ह्ये कुणी ध्येनातच घेत न्हाई."

"बरोबरीत सुटली तर?"

आमच्याकडं कुस्ती फार लांबली की पंच दोघांचे हात वर करतात आणि इनाम अर्धं अर्धं वाटून देतात. यात्रेत भांडणं नकोत म्हणून ही पद्धत.

"बरोबरीत सुटली तर ती कडी गळून पडती. बाकीच्या दोन धरायच्या. सहाचं सहा मला द्यावं लागत्यात."

"आन् मी जिंकंल म्हणून कुणी लावलंय?"

"रुपयाला आठ देतो म्हणलं. कुणी फिरकलं न्हाई."

"कुणीच न्हाई?"

दत्ता चार्जरची वायर गुंडाळायला लागला. गुंडाळून झाली तरी वर बघेना. "आबांनी बी तिकडंच लावलंय, ताई."

दुकानातला पंखा फिरत होता. मला एकाएकी फार उकडायला लागलं.

"पर खरं सांगू का," दत्ता आवाज बारीक करून म्हणाला, "मला तू जिंकलेलीच पायजेस. बैलं लागली तर मी मेलोच. तू त्या पोरीला पाड. तुझ्या खांद्याचा दवाखान्याचा खर्च माझ्याकडं लागला."

"तुझ्या फायद्यापायी पळायला मी काय शर्यतीच्या घाटातला बैल हाय?" मी म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

आबा पडवीत बसले होते. पुढ्यात शेगडी आणि तिच्यावर माझ्या खांद्याचं तेल वाटीत गरम होत होतं.

"आबा, मी हरंल म्हणून तुम्ही पैकं लावलं?"

त्यांनी वाटी चिमट्यानं खाली उतरवली. "कुणी सांगितलं?"

"फॅटच्या मशीननं."

तेलात बोट बुडवून बघितलं. "मी काल मॅचला जोडून बैलांवर लावाय गेलतो, शितल. आपला गाडा येणार ह्ये मला पक्कं ठावं हाय, बैलं म्या हातानं चोळल्यात. तर दत्ता म्हणला, दोनाची घेत न्हाई, तिसरी पायजे. म्हणला, आबा, पोरीची टाकू का शेवटाला, ती तर लागलेलीच हाय."

"मग तुम्ही काय म्हणला?"

"काय बी न्हाई."

"न्हाई म्हणायला तोंड व्हतं की तुम्हाला."

"व्हतं." आबा म्हणाले. "समदी मान्सं बसली व्हती. मी गप बसलो."

त्यांनी दुष्टपणानं लावलं असतं तर मी भांडले असते. पैशाची नड असती तर समजून घेतलं असतं. पण हा माणूस नुसता गप बसला होता. तिथं चार लोकांत माझं नाव भरीला टाकलं गेलं आणि माझ्या बापानं, माझ्या वस्तादानं, ते टाकू दिलं. इतका राग मला नवऱ्याचाही आला नव्हता.

"वस्ताद म्हणून सांगा," मी म्हणाले. "पडंल का मी?"

"वस्ताद म्हणून इचारती तर सांगतो. खांदा टिकायचा न्हाई. ती पोरगी उजव्या अंगालाच यील. तुझा उजवा हात दाबाला पुरत न्हाई, ह्ये म्या रोज बघतोय."

"आन् बाप म्हणून?"

आबांनी वाटी माझ्याकडं सरकवली. मी तेल घेतलं आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं खांदा चोळला. पाठीमागं हात पोचत नव्हता, तेवढा भाग कोरडा राहिला.

"फडात माझ्या बाजूला बसू नका," निघताना मी म्हणाले. "लोकांत बसा. तुमचं पैकं तिकडं हायेत."

दुपार कलली आणि कुस्त्यांचा फड भरला. मधोमध मऊ केलेली माती, भोवती माणसांचं कडं, एका बाजूला बायका. लहान जोड्या सुटत होत्या, हलगी कडकडत होती. तेवढ्यात कवठ्याहून फोन आला आणि माइकवर पुकारलं गेलं, "आपल्या गावचा गाडा घाटात पैला." फेटे उडाले, टोप्या उडाल्या. दत्ता लिंबाखाली उभा होता, तो खालीच बसला.

आणि मग एकेकाची मान वळायला लागली. माझ्याकडं. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं, आणि ते शेपूट मी होते.

आयुष्यात गावानं माझी इतकी काळजी कधी केली नव्हती. एक जण लिंबूपाणी घेऊन आला. दुसरा म्हणाला, ताई, खांद्याला जपा हां, उगा इरेला पडू नका. आतिफ आला आणि माझ्या पायाकडं बघत म्हणाला, "लई ताणू नका, शितलआपा." मी लिंबूपाणी पिऊन टाकलं. तहान लागली होती, त्याच्यावर कशाला राग काढू?

बापूसाहेब ऐटीत चालत आखाड्यात आले. यात्रा कमिटीचे अध्यक्ष तेच आणि पंचही तेच. माझ्या आईच्या माहेरचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी माझं आणि तेजश्रीचं नाव पुकारलं, इनाम सांगितलं आणि आम्हा दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले. तेजश्रीनं माती उचलून कपाळाला लावली. माझ्याकडं बघून हसली. चांगली पोरगी.

आबांनी सांगितलं होतं तसंच झालं. पहिल्या झटक्याला तिनं माझा पाय उचलला आणि मी पालथी पडले. ती वर बसली. उजव्या खांद्याखाली हात घालून मला उलटं करायला बघू लागली. पालथं पडलं तर कुस्ती जात नाही, पाठ टेकली की जाते. मी पोट मातीला चिकटवून पडून राहिले. दुखत होतं, दुखणारच. तोंडात माती गेली. कडेनं माणसं हसत होती, चिवड्याचे पुडे फिरत होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं काही जण आतापासूनच पार्टीचं बोलत असतील. बोलू दे.

मी उलटले नाही. तिचा जोर कमी झाला तशी मी गुडघ्यावर आले, सुटले आणि उभी राहिले. पुन्हा तिनं पाडलं. पुन्हा मी उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मला तिचा श्वास ऐकू आला. तेजश्री मॅटवर वाढलेली. मॅटवर शिट्टी होते, बाजूला जाऊन पाणी पिता येतं. मातीत शिट्टी नसते. मी तालमीत पोरांच्या अंगाखाली वाढले होते, मला दम धरायची सवय होती. मी तिची मान दाबली आणि ती मागं सरकली. एक पाऊल, मग आणखी एक.

चिवड्याचे पुडे फिरायचे थांबले.

कुणीतरी मागून म्हणालं, "सोडवा की बापूसाहेब. लई येळ झाला." मग दुसऱ्यानं तेच म्हटलं. बघता बघता सगळा फड सोडवा सोडवा करायला लागला. मला हसूच आलं. सकाळपासून मी पडावी म्हणून देव पाण्यात ठेवलेली माणसं, आता त्यांना मी उभी राहिले तरी चालणार होतं. बरोबरीत सुटली की त्यांचे सहा शाबूत. वरचे साठ पैसे गेले तर गेले.

"निकाली करा. निकाली झाली पायजे," एकच आवाज वेगळा आला. अख्ख्या फडात माझ्या बाजूनं एकच माणूस ओरडत होता आणि तो दत्ता होता. असली साथ वैऱ्यालाही मिळू नये.

बापूसाहेबांनी आम्हाला वेगळं केलं. एका हातात माझं मनगट, एका हातात तेजश्रीचं. "दोघी बी तोडीस तोड हायेत," त्यांनी माइकवाल्याकडं तोंड करून सांगितलं. "कुस्ती बरोबरीत—"

मी हात ओढून घेतला.

"मामा, मला बरोबरी नको."

"शितल, अर्धं इनाम मिळतंय. खांदा बग तुझा. येड्यावानी करू नको."

"खांदा माझा हाय. दुखला तर मी बघंल. तुम्ही किती लावल्यात?"

बापूसाहेबांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं पुढारपण केलेला माणूस, पण असं तोंडावर विचारायची गावाला सवय नाही.

मी तेजश्रीकडं वळले आणि सगळं सांगून टाकलं. "माझ्या हरण्यावर ह्यांनी पैकं लावल्यात. तू जिंकणार म्हणून रुपयाला वर धा पैसं. आता तू दमली म्हणून ह्यांना बरोबरी पायजे. तुला चालती का?"

ती हातानं कपाळावरची माती पुसत होती, ती थांबली. "मी जिंकायचं धा पैसं?"

"धा."

"आन् आता ते बी नकोत?" तिनं बापूसाहेबांकडं बघितलं. "काका, मी राहूहून इथं हात वर करायला आले न्हाई. निकालीच होऊ द्या."

"मग इनाम मिळायचं न्हाई. कमिटीचा शब्द हाय," बापूसाहेब म्हणाले आणि लोकांकडं वळले. "मारुतराव, तुमच्या पोरीला सांगा काय तरी."

आबा लोकांत बसले होते, दुसऱ्या रांगेत, मी सांगितलं होतं तसे. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि उपरणं तोंडावरच धरून ठेवलं.

ठीक आहे, म्हटलं. आपली आपण.

आम्ही दोघींनी परत हातात हात दिला. पंच बाजूला झाले, त्यांना व्हावंच लागलं. तेजश्री या वेळी रागानं आली. तो राग माझ्यावर नव्हता हे मला कळत होतं, पण मार मलाच बसत होता. तिनं मला खाली घेतलं, वर बसली, आणि माझ्या कमरेभोवती हात टाकून उजव्या बाजूनं उलटायला लागली. उजव्याच. माझा तो हात दाबाला पुरत नाही हे तिला एव्हाना कळलं होतं, आबांना माहीत होतं, दत्ताच्या भावात ते धरलेलं होतं.

एक डाव असतो. वरच्याचा कमरेवरचा हात काखेत घट्ट कोंडायचा आणि त्याच अंगावर लोळायचं. कोंडलेल्या हातामुळं वरचा आपल्याबरोबर फिरतो आणि आपल्याखाली येतो. आबा त्याला नुसतं लोळण म्हणायचे. खांदा गेल्यापासून त्यांनी तो माझ्याकडून करून घेतला नव्हता, कारण पुन्हा निखळला तर हात कायमचा जाईल म्हणायचे. बरोबर होतं त्यांचं.

मी तिचा हात उजव्या काखेत कोंडला आणि लोळले.

खांद्यात कट् असं वाजलं. ते मला आधी ऐकू आलं आणि मग दुखलं. आभाळ फिरलं, माणसं फिरली, आणि थांबली तेव्हा मी वर होते. तेजश्रीची पाठ मातीत पूर्ण टेकली होती, दोन्ही खांदे. ती आभाळाकडं बघत मोठ्यानं श्वास घेत होती.

कुणी ओरडलं नाही. यात्रेच्या फडात एवढी शांतता मी आजवर ऐकलेली नाही. फक्त हलगीवाले सुटले. ते बाहेरगावचे होते, पोटासाठी आलेले, त्यांना गावाच्या साखळीचं काय माहीत? निकाली कुस्ती दिसली आणि त्यांनी अशी कडकडून हलगी धरली की लिंबावरचे पक्षी उडाले. त्यांच्यापुढं माणसं सुतकात बसल्यासारखी बसलेली.

तेजश्री उठली. तिनं माझा डावा हात धरून वर केला, पंचांची वाट न बघता. "परत कवा तरी," ती कानाशी म्हणाली. "मॅटवर ये."

बापूसाहेब जवळ आले. "दत्ताचं घर भरलंस की," ते दातांतून म्हणाले. "सकाळी त्याच्या दुकानात गेलतीस, बघितलंय लोकांनी."

"दत्ताचं घर तुम्ही भरलं, मामा," मी म्हणाले. "मी कुस्ती केली."

ते इनाम देणार नव्हते आणि मी मागणार नव्हते. मी निघून जावं असं सगळ्यांना वाटत होतं. बायकांच्या बाजूनं बाहेर पडायची वाटही कुणीतरी मोकळी करून दिली.

पण चितपट करणारा पैलवान आमच्याकडं फडाभोवती एक फेरी मारतो. हात पुढं धरून चालायचं आणि बघणाऱ्यानं राजीखुशीनं जे वाटेल ते हातावर ठेवायचं. कमिटीचा त्याच्याशी संबंध नसतो. हा माझा हक्क होता. भीक नव्हे. मी का सोडू?

डाव्या हातावर घेत नाहीत. उजवा उचलवत नव्हता. मी डाव्या हातानं उजव्याला कोपरात आधार दिला, तळवा उघडा करून पुढं धरला, आणि चालायला लागले.

सावकाश चालले. एकेकासमोर थांबले. लिंबूपाणीवाल्यासमोर थांबले, तो चप्पल शोधायला लागला. आतिफ लाजून लाल झाला, पण त्यानं खिसा चाचपला आणि एक नाणं ठेवलं. बायकांत मुमताज उभी होती, तिनं कमरेची पिशवी सोडून नोट ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "कालवणातला बटाटा भारी निघाला गं माझे बाय." दोनचार बायका हसल्या. मग एकीनं ठेवलं, मग दुसरीनं. दत्ता शंभराच्या नोटांची चवड घेऊन पुढं आला. मी त्याच्यासमोर तळवा मिटला, तो मागं सरकल्यावर पुन्हा उघडला. बापूसाहेबांसमोर मात्र मुद्दाम जास्त वेळ उभी राहिले. लोक बघत होते. शेवटी त्यांनी हात खिशात घातला. किती दिले ते मी बघितलं नाही.

खांदा आता आगीसारखा पेटला होता. कडेला जाऊन बसावं असं वाटत होतं, पण फेरी अर्धी सोडत नाहीत.

दुसरी रांग आली. आबांसमोर मी थांबले. उपरणं खाली आलं होतं. त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग आतल्या बंडीचा. त्यात काही नसणार हे मला ठाऊक होतं, होतं ते सगळं त्यांनी कालच कवठ्याच्या बैलांवर आणि माझ्या पाठीवर ठेवलं होतं. त्यांची बोटं रिकामीच बाहेर आली. त्यांनी वर माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या खांद्याकडं.

मागची माणसं म्हणाली, चल पोरी पुढं, असू दे.

मी हात तसाच पुढं धरून उभी राहिले.